सतरा आला की फेकणार, चार आला की पळणार

आमच्या गावात आठ-आठ पोरांचा फुटबॉल खेळतात. अकरा करायचे तर तीन गायी मैदानात उतरवाव्या लागतील. प्लम रिज, नेब्रास्का. दोनशे चाळीस माणसं, एक चर्च, एक बार आणि माझं दुकान. जनावरांचं खाद्य विकतो, बियाणं विकतो आणि कॉफी फुकट देतो. कॉफी फुकट असल्यामुळे सकाळी सहाला अख्खं गाव माझ्या काउंटरवर कोपर टेकून उभं असतं, आणि मला खोड्या काढायला माणसं शोधत फिरावं लागत नाही.

पास्टरच्या गाडीत बकरी बसवून तिला सीटबेल्ट लावणारा मर्ल ड्वोराचेक तो मीच. कोच व्हर्नच्या घरातला सोफा, दिवा, जाजम आणि भिंतीवरचं घड्याळ उचलून मैदानाच्या मधोमध जसंच्या तसं मांडणाराही मीच. व्हर्न माझ्या बायकोचा भाऊ. त्या सकाळी तो आला, सोफ्यावर बसला, पेपर वाचून काढला आणि मग शिट्टी मारून प्रॅक्टिस सुरू केली. माणूस मला तेव्हापासून आवडतो.

त्या साली व्हर्नकडे दोन क्वार्टरबॅक झाले. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात बॉल आधी येतो, आणि द्यायचा, फेकायचा की घेऊन पळायचं हे ज्याला बघावं लागतं, तो. लग्नात नवरा एक असतो, तसा हा एक असतो. आमच्याकडे म्हणतातच, दोन क्वार्टरबॅक असले की समजा एकही नाही.

एक होता टोबिन रूडमन, सतरा नंबर. त्यानं फेकलेला बॉल पोस्टमनसारखा बरोबर दारात जायचा. दुसरा चार नंबर, आमचा पोरगा एमेट. एमेट डोकं खाली घालून रेड्यासारखा घुसायचा, चार-चार जणांना अंगावर घेऊन पुढे जायचा. पण त्यानं बॉल फेकला, की तो कुठे जाणार हे बॉललाही ठाऊक नसायचं. दोघांचंही शाळेचं शेवटचं वर्ष. कोणाला खेळवायचं यावरून काउंटरवर रोज भांडणं.

मी म्हटलं, मतदान घ्या की. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या मांडल्या. एकीवर सतरा लिहिलं, एकीवर चार. कॉफी घेणाऱ्यानं मक्याचा एक दाणा टाकायचा. गुरुवारी संध्याकाळी मी दाणे मोजणार आणि दुकानाबाहेरच्या पाटीवर निकाल लावणार.

पहिल्या गुरुवारी मोजले. टोबिन एकसष्ट, एमेट एकोणीस.

पाटीवर मी लिहिलं: चाळीस-चाळीस.

मस्करी म्हणूनच. दुसऱ्या दिवशी गाव असं काही चक्रावलं, की मी मागच्या खोलीत जाऊन पेंडीच्या पोत्यात तोंड खुपसून हसलो. जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघायचा, याच गद्दारानं दाणा तिकडे टाकला म्हणून. पुढच्या गुरुवारी सत्तर आणि बारा झाले. मी लिहिलं, एक्केचाळीस-एक्केचाळीस. त्या वेळी हसू जरा कमी आलं, पण लिहिलं.

सोमवारी व्हर्ननं जाहीर केलं, गावाचं मत अर्धं-अर्धं आहे, तर दोघेही खेळतील. आळीपाळीनं. कोणता डाव टाकायचा ते व्हर्न बाहेर उभ्या पोराच्या कानात सांगणार, तो आत पळत जाणार, आतला बाहेर येणार. फेकायचं असेल तर टोबिन, पळायचं असेल तर एमेट. आम्ही आठपैकी सहा सामने जिंकलो आणि बादफेरीत पोचलो. जिंकणाऱ्याला कोण विचारतो, की बाबा रे तुझ्या घरात नवरे किती.

मग टोबिनचा बाप दुकानात आला. रूडमन दुधाचा टँकर चालवतो, पहाटे दोनला उठतो, बोलतो कमी. त्यानं गुरांसाठी मिठाचा ठोकळा घेतला आणि तो खांद्यावर ठेवून उभा राहिला. म्हणाला, पश्चिमेकडच्या एका कॉलेजचा माणूस शुक्रवारी टोबिनला बघायला येतोय. पसंत पडला तर कॉलेजच पोराचं शिक्षण करणार. नाही पडला तर जूनपासून पोरगा टँकरवर, बापाशेजारी. आणि अर्धा सामना जर तो बाहेर उभा असणार, तर तो माणूस बघणार काय.

मी म्हटलं, व्हर्नशी बोल.

"गावानंच ठरवलंय," रूडमन म्हणाला. "गावापुढे मी काय बोलू?"

तो ठोकळा घेऊन गेला. मी पाटीकडे बघत बसलो. बकरी सीटबेल्ट काढून उतरवता येते. हे कसं उतरवायचं ते कळेना.

ठरवलं, घरी आधी एमेटला सांगायचं, मग व्हर्नला. माझ्या बायकोनं, डार्लानं, त्या दिवशी खिम्या-राजम्याची चिली केली होती आणि सोबत दालचिनीचे रोल. एमेट रोल चिलीत बुडवून खात होता. तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "डॅड, खरं सांगू का? मला वाटलं होतं, मला दहा दाणेसुद्धा पडणार नाहीत."

डार्ला त्याच्याकडे बघून हसली. मी दुसरा रोल घेतला. तोंडात काहीतरी असलेलं बरं.

आता साखळीचं सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलं, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. ते दहा यार्ड मोजायला एक साखळी असते, तिच्या दोन टोकांना दोन काठ्या. एक काठी एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे, त्याआधी माझ्या बापाकडे होती. आम्ही साखळीवाले गावचेच, पण सामना सुरू झाला की पंचांचे. टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, पोरांशी बोलायचं नाही. आणि उभं राहायचं पाहुण्यांच्या बाजूला, त्यांच्या कोचच्या हातभर अंतरावर. तिथे जे कानावर पडेल ते तिथेच सोडायचं. बाप सांगायचा, गावाला कितीही फसव, ही काठी हातात असताना फसवू नकोस. एवढं एक मी ऐकलं.

आमच्या मैदानाला दिवे नाहीत, म्हणून सामना शुक्रवारी दुपारी तीनला. वारा सुटला होता. पलीकडे आमच्या बाजूला कुंपणापाशी एक टोपीवाला अनोळखी माणूस वही घेऊन उभा होता. तोच कॉलेजचा.

पाहुणे कार्व्हर गावचे. त्यांचा कोच म्हणजे एक वाळलेला माणूस, सारखा सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि टरफलं माझ्या बुटांवर थुंकायचा. पहिली दहा मिनिटं तो नुसता आमची पोरं आत-बाहेर पळताना बघत होता. मग त्यानं आपल्या एका धिप्पाड पोराला जवळ ओढलं.

"सतरा आला की फेकणार, चार आला की पळणार. यांनी पाटीच लावलीय राव," तो म्हणाला. "सतरा आला की बॉलकडे बघूच नकोस. सरळ त्याच्या छातीवर जा."

मी सगळं ऐकलं. काठी धरून उभा.

पुढच्या वेळी टोबिन आत पळत आला. कार्व्हरचे सगळे एका पायावर तयार. टोबिननं हात मागे नेला आणि तो धिप्पाड पोरगा त्याच्यावर असा आला, की आवाज आमच्यापर्यंत आला. बॉल कुठेतरी, टोबिन कुठेतरी. तो उठला. एमेट आत आला, तर सातजण मध्ये भिंतीसारखे उभे. तो दोन यार्ड गेला आणि गाडला गेला. पुन्हा टोबिन, पुन्हा छाती.

मी पलीकडे व्हर्नकडे बघितलं. तो आमच्याच पोरांवर खेकसत होता, अडवत का नाही म्हणून. त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं. मध्ये अकराच्या खेळासारखं त्रेपन्न यार्डांचं मैदानसुद्धा नाही, आठाच्या खेळाचं मैदान चाळीसच रुंद असतं. तरी मला ते ओलांडता येत नव्हतं. टोपीवाल्याची वही एव्हाना मिटलेली होती.

माझ्यासोबत कितवा प्रयत्न ते दाखवणारी आकड्याची पाटी धरणारा ऑर्व्हिल, वय एक्क्याऐंशी, त्यालाही ऐकू गेलं असणार. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, त्यानं कानातलं मशीन सकाळीच बंद केलंय आणि मीही करावं.

अर्ध्या सामन्याला ते बावीस, आम्ही सहा.

मधल्या सुट्टीत मी सामानाच्या शेडमागे गेलो. चालता चालता मार्ग सुचला होता. तिकडचं ऐकलेलं सांगायचं नाही, काठी साफ ठेवायची. आपलंच पाप सांगायचं. दाणे खोटे होते म्हटल्यावर व्हर्न एकालाच ठेवेल, आणि एकच म्हटला की टोबिनच. मी स्वतःवर खूश झालो. फसवून सुटायची सवय असली, की खरं बोलणंसुद्धा युक्तीसारखं वाटतं.

व्हर्न पाणी पीत होता. मी एका दमात सांगितलं. एकसष्ट-एकोणीस, सत्तर-बारा, पाटी, सगळं.

तो पाणी संपेपर्यंत थांबला.

"मर्ल, मला पहिल्याच दिवशी माहीत होतं," तो म्हणाला. "या गावात दोन माणसांचं हवामानावर एकमत होत नाही, आणि दाणे दोनदा सारखे पडतात?"

"मग दोघांना कशाला खेळवलंस?"

"मला बरं पडलं. टोबिनला घेतला असता तर माझी बहीण थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीऐवजी मला कापते. एमेटला घेतला असता तर उरलेलं गाव. दोघे खेळले, शिव्या अर्ध्या-अर्ध्या झाल्या. तू माझ्यासाठी चांगली ढाल केलीस, मी धरली."

मी म्हटलं, आता तरी टोबिनला ठेव. तो माणूस आलाय.

तो म्हणाला, आता? सोळानं मागे असताना भाच्याला बसवू? हरलो तर एमेटमुळे हरलो असं होईल, आणि पोरगं ते जन्मभर वागवेल. मग त्यानं आवाज खाली केला आणि विचारलं, तिकडे त्यांच्यात काय चाललंय, काही कानावर येतंय का.

त्यानं विचारलं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं.

"मी साखळीवाला आहे," मी म्हटलं.

व्हर्ननं मान डोलावली, जणू त्याला हेच उत्तर हवं होतं, आणि आत गेला. मी शेडच्या पत्र्याला टेकून उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मी जेवढी माणसं अडकवली, त्यांतलं एकही आता माझ्याइतकं नीट अडकलं नव्हतं. आणि दोऱ्या सगळ्या माझ्याच वळलेल्या.

सामन्याचा तिसरा भाग सुरू झाला. टोबिन आत आला, त्यानं बॉल फेकला आणि फेकल्यावर त्याला मार बसला. या वेळी तो लगेच उठला नाही. गुडघ्यावर बसून राहिला, मग डावा हात बरगडीला चिकटवून उठला आणि वाकडाच चालत बाहेर गेला. माझ्या शेजारी टरफलं थुंकत कोच म्हणाला, अजून दोनदा, की झोपला.

एमेट आत गेला. त्यानं बॉल घेतला, मध्ये भिंत दिसल्यावर कडेला वळला आणि आमच्याकडेच धावत सुटला. पोरं अंगावर येऊ लागली, की साखळीवाल्यानं काठी टाकून मागे सरायचं असतं. ऑर्व्हिलसुद्धा सरला. मी सरलो नाही. तिघांनी एमेटला रेषेबाहेर फेकला तो माझ्या पायांपाशी. हेल्मेटच्या जाळीत गवत अडकलेलं, दम लागलेला. त्यानं वर बघितलं आणि मी दिसलो.

"त्यांना कळलंय," मी म्हटलं. "तू आलास की पळणार, टोबिन आला की फेकणार. ते त्याला मारून काढणार आहेत."

मी हळू बोललो नाही. हळू बोलायचं सुचलंच नाही.

कार्व्हरच्या कोचनं बिया थुंकल्या आणि पंचांना हाक मारली. गरज नव्हती, पंच तिथेच होते. वयस्कर माणूस, शेजारच्या गावात गणित शिकवतो, मला वीस वर्षं ओळखतो. त्यांनी शिट्टी मारली नाही, नुसता हात पुढे केला. मी काठी त्यांच्या हातात दिली. ती धरायला कुंपणापलीकडून पेट्रोलपंपावरच्या माणसाला बोलावलं. मला म्हणाले, "मर्ल, कुंपणाबाहेर."

एमेट तोवर उठून पलीकडे पळाला होता. पुढचं मला नंतर कळलं. तो व्हर्नला म्हणाला, मला बसवा, टोबिनलाच सगळं खेळू द्या, मी आत गेलो की त्यांना आधीच कळतं. व्हर्न म्हणाला, डाव मी ठरवतो. तेव्हा एमेटनं हेल्मेट काढून बाकाखाली ठेवलं आणि त्याच्यावर पाय ठेवून बसला. हेल्मेट नसेल तर पोराला आत पाठवता येत नाही. व्हर्ननं त्याच्याकडे बघितलं, मग टोबिनकडे. टोबिन म्हणाला, बरगडी चालेल.

मला दिसलं ते एवढंच, कुंपणाच्या जाळीतून, गोलपोस्टमागून. सतरा नंबर आत गेला आणि बाहेर आलाच नाही. कार्व्हरची पोरं त्याच्या छातीवर धावली, त्यानं बॉल बाजूच्या पोराला दिला आणि तो पोरगा मोकळ्या रानात वीस यार्ड पळाला. पुढच्या वेळी कार्व्हरची पोरं थबकली, टोबिननं फेकला. मग तर त्यांना काही समजेनाच. कोच बिया चघळायचा थांबला. टोपीवाल्यानं वही उघडली.

आमच्या गावची माणसं कुंपणापाशी माझ्यापासून दोन-दोन हात लांब उभी होती. साखळीवाला बोलला, हे सगळीकडे पसरलं होतं. ज्यांची पोरं जिंकायला लागली होती तीच माणसं माझ्याकडे बघत नव्हती. त्यांचं बरोबर होतं.

तरी आम्ही हरलो. तीस-अठ्ठावीस. शेवटचा पास टोबिननं बरोबर दारात टाकला होता, झेलणाऱ्याची बोटं गार पडली होती. सामना संपल्यावर टोपीवाला टोबिनपाशी गेला. रूडमन टँकरचे हातमोजे घालूनच शेजारी उभा होता. पाच-सात मिनिटं बोलले. टोपीवाल्यानं एक कार्ड दिलं आणि टोबिननं ते उजव्या हातानं घेतलं, डावा वर उचलत नव्हता. काय ठरलं ते विचारायला मी गेलो नाही. रूडमननं टोपी काढून पुन्हा घातली, एवढं दिसलं.

एमेट सगळ्यात शेवटी आला. मी ट्रकमध्ये बसून होतो. सूर्य धान्याच्या कोठारामागे गेला होता. तो शेजारी बसला. मांडीवर बर्फाची पिशवी होती, पण लावत कुठेच नव्हता.

मी त्याला बरण्यांचं सांगितलं. एकोणीस आणि बारा. तो म्हणाला, व्हर्नमामानं शॉवरपाशी सांगितलं. एवढंच. चिडेल असं वाटलं होतं, चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाला हसवायचं कसं ते मला येतं.

मी किल्ली फिरवली. तेव्हा तो बोलला.

"त्यांना कळलंय, हे तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, पहिल्या दहा-बारा मिनिटांतच. सुरुवातीलाच.

तो समोरच्या काचेतून बघत होता. "टोबिनऐवजी ते मला मारत असते," तो म्हणाला, "तर तू किती वेळ गप्प राहिला असतास?"

माझ्याकडे सगळ्याला उत्तर असतं. काठीचं उत्तर तयार होतं, बापाचं होतं, नियमाचं होतं. अर्धा सामना तीच उत्तरं मी स्वतःला देत होतो. आणि एमेटला ती सगळी माहीत होती. लहानपणापासून ऐकत आला होता.

"एकदासुद्धा मारू दिलं नसतं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, रूडमनांच्या घरावरून घे.

दुधाचा टँकर अंगणात लागलेला होता. स्वयंपाकघरात दिवा होता. एमेट बर्फाची पिशवी घेऊन उतरला, मागच्या दारानं गेला, दार न वाजवता. आत कोणीतरी खुर्ची सरकवली. थांबू की जाऊ, ते त्यानं सांगितलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं. मग वाटलं, बंद केलेलं ऐकून त्यांना वाटेल मला आत बोलवायला हवं, म्हणून चालू केलं. मग चालू ठेवणं घाई केल्यासारखं वाटलं.

बंद करून बसून राहिलो.